आजींनी अंगठा दिलेला कागद वाचायला या : मराठवाड्यातील वकील संघांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या वकील संघांचे अध्यक्ष, पदाधिकारी व सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

न्यायालयांची उन्हाळी सुटी तोंडावर आली आहे. बार रूममध्ये आपली रोज गाठभेट होते आहे तोवरच हे पत्र आपल्या हाती पडावे, या घाईने ते लिहीत आहे. मी अंबाजोगाईत राहणारी, इतिहास शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे एका लहान सेवाभावी संस्थेचे काम पाहते. जुन्या माणसांच्या आठवणी कॅमेऱ्यापुढे नोंदवणे, घरोघरी ट्रंकांत पडून असलेले कागद स्कॅन करणे, बारवा, गढ्या आणि किल्ले यांची शेकडो छायाचित्रे जोडून संगणकावर त्यांची त्रिमितीय प्रतिकृती उभी करणे आणि हे सारे गावातल्या शाळकरी मुलाला मोबाइलवर पाहता-ऐकता येईल असे करणे, हे आमचे काम आहे. कॅमेरे उसने मिळतात, संगणक जाणणारी मुले मिळतात, गावात गेल्यावर जेवणाचे ताटही मिळते. पण जमवलेल्यापैकी बराचसा ठेवा आज कुलूपबंद आहे, कारण तो लोकांपुढे कसा ठेवावा हे सांगणारा वकील आमच्याजवळ नाही. एक ताई आहेत, तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या. त्या एकट्या पुरे पडत नाहीत, म्हणून आपल्यापुढे पदर पसरते आहे.

आमच्या हातून काय चुकले, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही नव्वदीला टेकलेल्या एका आजींना भेटलो. माळवदाचे घर, समोर ढेलज, ढेलजेत बाजेवर बसलेल्या आजी. ‘रझाकाराच्या टायमाला मी धा-अकरा वर्साची आसन,’ अशी त्यांनी सुरुवात केली आणि दोन तास त्या थांबल्या नाहीत. १९४८च्या उन्हाळ्यात घरातले सगळे रातोरात निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडे कसे गेले, जाताना धान्याची बळदे आणि दावणीची जनावरे शेजारच्या मुसलमान कुटुंबाच्या भरवशावर कशी सोडली, परत आल्यावर दाण्याला दाणा कसा जागेवर मिळाला, हे त्यांनी सांगितले. मग सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि त्याच शेजाऱ्याला शोधत माणसे आली. तेव्हा आजींच्या वडिलांनी त्या घरातली बाई आणि तिची तीन लेकरे आपल्या रिकाम्या बळदात उतरवली आणि वर कडबा टाकला. आजी स्वतः त्या लेकरांना रात्री भाकरी द्यायला जात. बोलता बोलता त्यांनी दोन नावे घेतली. एक नाव त्यांची गंजी पेटवणाऱ्याचे आणि दुसरे नाव नंतर शेजाऱ्याचे घर लुटणाऱ्याचे. हा दुसरा त्यांच्याच भावकीतला. दोन्ही घरांची नातवंडे आज त्याच गावात नांदत आहेत.

चित्रीकरण संपल्यावर आम्ही संमतीपत्र पुढे केले. ते आम्ही इंटरनेटवरून उतरवून घेतले होते आणि इंग्रजीत होते. आजींनी अंगठा दिला. पुढे एका शाळेत मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रदर्शनात आम्ही त्या मुलाखतीचा मिनिटभराचा तुकडा दाखवला, कुणीतरी तो मोबाइलवर टिपला आणि आठवड्याच्या आत तो त्या गावात फिरू लागला. पुण्यात नोकरीला असलेल्या आजींच्या नातवाचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, पण त्याच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ‘आजीला वाचता येत नाही. तुम्ही तिचा अंगठा कशावर घेतला?’ त्या दिवसापासून ती मुलाखत आम्ही बंद ठेवली आहे.

ताई आमच्याकडे आल्या त्या यानंतर. त्यांनी चष्मा लावला, संमतीपत्र दोनदा वाचले आणि विचारले, ‘हे आजींना मराठीत वाचून कुणी दाखवले? कुणाच्या समोर?’ कुणीच दाखवले नव्हते. मग त्यांनी बोट ठेवले ते दुसऱ्याच ठिकाणी. ‘यात मुदत कुठे आहे?’ कॉपीराइट कायदा १९५७, त्यातील कलम १९. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद केला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हाच नियम कलम ३० क अन्वये परवान्यालाही लागू होतो. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर ही साक्ष पिढ्यान्‌पिढ्या जपली जाईल असे आम्ही समजत होतो, तो कागद खरा धरला तरी पाच वर्षांचा होता आणि त्यातली तीन वर्षे सरली आहेत. अशी एकशे चाळीस संमतीपत्रे आमच्या कपाटात आहेत. त्यांतले काही अंगठे आणि सह्या ज्यांच्या, ती माणसे आता नाहीत.

त्या दोन नावांचे काय करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असे आम्ही समजत होतो. ताईंनी दाखवले की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ प्रमाणेच, मृत व्यक्तीवरचा आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो. मात्र ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता आणि तिच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, असे दोन्ही दिसावे लागते. लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याला अपवादही आहे. कलम १९६ म्हणजे दोन समाजांत वैर वाढवण्याचे कलम, त्याचीही भीती आमच्या पोरांच्या मनात आहे. नाव गाळावे का? मग त्या बळदात लपवलेल्या लेकरांची गोष्टही अर्धी राहते, कारण ती कुणापासून लपवली हेच जाते. नाव ठेवावे आणि मुलाखत वीस वर्षे बंद ठेवावी का? की फक्त अभ्यासकाला, लिहून घेऊन, दाखवावी? माझे स्वतःचे मत असे आहे की दोन्ही बाजूंची दुःखे एकाच आजीच्या तोंडून येतात तेव्हा त्यांची काटछाट करणे हा मोठा अपराध आहे. पण माझ्या मताने उद्या कुणाच्या दारात पोलीस उभा राहू नये. म्हणून ते मत कायद्याच्या कसोटीवर घासून देणारा माणूस मला हवा आहे.

आपल्या भागात हे काम इतके नाजूक का, ते आपल्याला सांगायला नको. निजामाच्या राजवटीचा आपला इतिहास बाकीच्या महाराष्ट्राहून वेगळा आहे. १५ ऑगस्ट १९४७ला आपण स्वतंत्र झालो नाही. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ज्यांनी हे जाणत्या वयात पाहिले ते आज नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. दर पावसाळ्यानंतर आमच्या यादीतली काही नावे खोडावी लागतात. याच कारणाने मी ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर घ्यायला तयार नाही.

आता वकीलच का, हे. कायद्याची कलमे कुणीही वाचून दाखवू शकेल, हल्ली तर मोबाइलही दाखवतो. मला आपल्या हातातले कसब हवे आहे. आमच्या एका कार्यकर्त्याने परभणी जिल्ह्यातल्या एका आजोबांना विचारले होते, ‘रझाकारांनी तुमचे घर जाळले तेव्हा तुम्हाला किती भीती वाटली?’ आजोबा म्हणाले, ‘लई भ्या वाटलं.’ ताईंनी ती ध्वनिफीत थांबवून विचारले, ‘घर जळाले हे यांनी कधी सांगितले?’ त्यांनी सांगितलेच नव्हते. पुन्हा जाऊन साधेपणाने ‘त्या रात्री काय झाले?’ असे विचारल्यावर कळले की घर त्यांचे नव्हे, त्यांच्या मामांचे जळाले होते आणि हे स्वतः तेव्हा दुसऱ्या गावी होते. सरतपासणीत सूचक प्रश्न विचारू नये हा नियम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. इतिहासाची पुस्तके वाचून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना तो मी तीस वर्षांत शिकवू शकले नाही, ताईंनी एका दुपारी शिकवला. ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक, साक्षीदाराला न दुखावता पुन्हा त्याच ठिकाणी आणणे, त्याच्या गप्प बसण्याचीही नोंद ठेवणे, हे सगळे आपण रोज करता.

कागदांच्या बाबतीतही तेच. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्याच्या सही-शिक्क्याबद्दल न्यायालयाला गृहीतक धरता येते. १८७२च्या पुरावा कायद्यातले कलम ९० आता भारतीय साक्ष अधिनियमात ९२ झाले, पण तत्त्व तेच राहिले. ‘योग्य ताबा’ या दोन शब्दांत अभिलेखागाराचे निम्मे शास्त्र आले. कागद कुणाच्या घरातून आला, त्याआधी कुणाकडे होता, कोणत्या रुमालात बांधलेला होता, हे न विचारता आमची मुले सुरुवातीला नुसते स्कॅन करत सुटली होती. नांदेडकडच्या एका वाड्यातला निजामकालीन हुकूम आणि लातूरकडच्या एका घरातली मोडी पत्रे एकाच फोल्डरमध्ये गेली, आणि कोणता कागद कुणाचा हे जुळवण्यात एक अख्खी दिवाळीची सुटी गेली. आता प्रत्येक कागदासोबत ताब्याची साखळी लिहिली जाते आणि स्कॅन होताच त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा संगणकीय ठसा, नोंदवहीत चढते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ सोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे, तो पाहून ताईंनीच हे सुचवले.

मराठवाड्यातला वकील आणि जुना कागद यांचे नाते तर फारच जवळचे आहे. हैदराबाद संस्थानात न्यायालयाचा कारभार उर्दूत चाले, आपल्या आजोबांच्या पिढीतले वकील उर्दूतून कायदा शिकले. निजामी कागदांवरच्या फसली, म्हणजे महसुली, सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, हे आपल्या कारकुनालाही तोंडपाठ असते. संस्थानातल्या सार्वजनिक जीवनाचा भार वाहिला तोही वकिलांनीच. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात जन्मलेले केशवराव कोरटकर हे नामांकित वकील होते, हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि मराठी शिक्षणासाठी त्यांनी ‘विवेकवर्धिनी’ या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत हात लावला. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे दिगंबरराव बिंदू वकील होते, हैदराबाद विधानसभेचे पहिले सभापती काशिनाथराव वैद्य वकील होते. त्यांचे लेखन, त्यांची पत्रे, त्यांच्या दाव्यांचे कागद आज कुठे आहेत, असे कुणी विचारले तर मला समाधानकारक उत्तर देता येत नाही.

आणि आपल्या कचेरीच्या माळ्यावर काय आहे? हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५०, अतियात चौकशी कायदा १९५२, इनाम निर्मूलन कायदा १९५४, या तीन कायद्यांखालच्या दाव्यांत निशाणी म्हणून लागलेले मुंतखब (इनाम मान्य केल्याचे दाखले), सनदा, सेतवार (जमीन मोजणीच्या नोंदी), खासरा पत्रके, दर्ग्यांच्या आणि देवस्थानांच्या इनामांच्या नोंदी, कुळांचे जबाब. शेतकरी कसा बोलत होता, देशमुखाला काय देत होता, दुष्काळात कोणते शेत कुणाला लिहून दिले गेले, हे त्या जबाबांत जसेच्या तसे उतरलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते कुळ कधी बोलत नाही. गेल्या काही वर्षांत निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सगळ्यांनाच कळले की मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे आणि ते कागद दोन्ही किती झपाट्याने संपत चालले आहेत. ज्येष्ठ वकील निवर्तले, मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला, की ते बस्ते रद्दीत जातात; मी स्वतः एका रद्दीवाल्याच्या तराजूत लाल रुमाल पाहिला आहे.

तरीही ते बस्ते सरसकट आमच्या हवाली करा असे मी म्हणणार नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले वकील-पक्षकार हे नाते संपल्यावरही गुप्तच राहते, हे बंधन मला ठाऊक आहे आणि त्याचा मला आदर आहे. म्हणून मागणे एवढेच आहे की रद्दीला देण्याआधी आपण स्वतः ते चाळावेत, न्यायालयात दाखल होऊन सार्वजनिक झालेले कागद वेगळे करावेत, उरलेल्यांसाठी शक्य तिथे पक्षकाराच्या वारसाला विचारावे आणि जे उघड करता येत नाही ते निदान वाळवीपासून वाचवावे. हे वेगळे करणे आम्हाला येत नाही. ते आपणच करू शकता.

जगात हे काम मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. १९९४ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनने नाझी छळातून वाचलेल्यांच्या पन्नास हजारांहून अधिक साक्षी जमवल्या, आणि आता काहींची चित्रमुद्रणे अशी मांडली आहेत की समोरच्या मुलाने प्रश्न विचारावा आणि पडद्यावरच्या वृद्धाने त्याचे आधीच नोंदवलेले उत्तर द्यावे. बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ मध्ये उद्ध्वस्त झाल्यानंतर अमेरिकेत सायआर्क ही ना-नफा संस्था निघाली, ती वारसास्थळांची लेसरने मोजणी करून डिजिटल प्रत जपते. अशा मोठ्या संस्थांच्या मागे पैसा आणि माणसे असतात; आमच्याजवळ एक टेबल आहे.

त्या टेबलावर सध्या काय पडले आहे ते सांगते, म्हणजे कामाचा अंदाज येईल.

किल्लारीच्या भूकंपाची छायाचित्रे आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतरची. जुन्या गावठाणाचा नकाशा लोकांच्या आठवणीवरून संगणकावर उभा करण्याचा प्रयत्न आमची दोन मुले करत आहेत : कोणती गल्ली, कुणाचा वाडा, कुठे पार, कुठे पिठाची गिरणी. पुनर्वसित गावात वाढलेल्या पिढीला आपले मूळ घर कधी दिसलेले नाही. गेल्या वर्षी एका चाळिशीच्या गृहस्थाने त्या अर्ध्या तयार पडद्यावर आपल्या घराची जागा दाखवली आणि बराच वेळ तिथेच बोट ठेवून उभे राहिले. छायाचित्रे वापरता आली तर भिंतींना खरे रूप येईल. पण ती काढणाऱ्यांपैकी काही जण वर्तमानपत्रांत नोकरीला होते, काहींची स्वतःची स्टुडिओची दुकाने होती. छायाचित्र प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे १९९३ साली छापलेल्याचा २०५३ अखेरपर्यंत. हक्क कुठे मालकाचा, कुठे छायाचित्रकाराचा, आणि ज्याचा पत्ताच लागत नाही त्याच्यासाठी कलम ३१ क खाली अर्ज करावा का, हे कुणीतरी बसून सोडवायला हवे. शिवाय त्या छायाचित्रांत लोकांची मेलेली माणसे आहेत. कायदा काहीही म्हणो, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती लावायची नाहीत, एवढे आम्ही ठरवले आहे.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून झालेल्या नामांतराच्या लढ्याच्या मुलाखती आहेत. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला तोपर्यंत ज्यांनी घरे जळताना पाहिली, मोर्चे काढले, तुरुंग भोगला, ती माणसे आज सत्तरीत आहेत आणि ती ज्यांची नावे घेतात ती माणसेही हयात आहेत. इथे चूक झाली तर सोसावे पुन्हा त्यांनाच लागेल ज्यांनी तेव्हा सोसले. मला सगळ्यांत जास्त काळजी या मुलाखतींची आहे.

जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, भारुडे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रण करणाऱ्याकडे असला तरी गाणाऱ्या बाईचा सादरकर्ती म्हणून स्वतंत्र हक्क आहे, तो पन्नास वर्षे टिकतो आणि आपले नाव जोडले जावे असा आग्रह धरण्याचा अधिकारही तिला आहे. ही गोष्ट मी जालना जिल्ह्यातल्या एका बाईंना सांगितली तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसले आणि आपले पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, दोनदा सांगितले.

तेरच्या परिसरात, म्हणजे प्राचीन तगरात, शेत नांगरताना मणी, नाणी, मातीच्या मूर्तींचे तुकडे निघतात आणि लोक ते कौतुकाने आम्हाला दाखवतात. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८चा कायदा आहे. आमच्या एखाद्या मुलाने उत्साहात फोटो टाकला तर शेतकरी गोत्यात येईल. त्याला सरळ, न घाबरवता काय सांगायचे याचे पानभर मराठी टिपण कुणी लिहून देईल का? ड्रोनची परवानगी, पुरातत्त्व खात्याची परवानगी, धर्मादाय आयुक्तांकडचे फेरफार ही कामे ठरलेल्या वाटेची आहेत, त्यांवर अधिक लिहीत नाही.

एक नवी गोष्ट मात्र लिहायलाच हवी. एका शाळेने आमच्याकडे मागणी केली की त्यांच्या गावच्या दिवंगत स्वातंत्र्यसैनिकाचे छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने हलते-बोलते करून द्यावे, म्हणजे १७ सप्टेंबरला ते स्वतः मुलांना भाषण देतील. भाषण शाळा लिहिणार होती. हयात माणसाच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मनाई केली आहे. मृतांच्या बाबतीत मात्र असा हक्क माणसाबरोबरच संपतो, अशी भूमिका न्यायालयांनी घेतलेली आहे. म्हणजे कदाचित कायद्याने अडवले नसते. आम्ही नाही म्हटले. जो माणूस खरे बोलल्याबद्दल तुरुंगात गेला त्याच्या तोंडी आपली वाक्ये घालण्याचा अधिकार कुणालाच नाही, असे मला मनापासून वाटते. पण अशा मागण्या वाढणार आहेत आणि केवळ माझ्या वाटण्यावर संस्था चालू नये. काय करायचे, काय नाही, कोणते चित्र यंत्राने बनवलेले आहे हे पडद्यावर कुठे आणि किती ठळक लिहायचे, याचे लेखी नियम आम्हाला हवे आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अभिलेख जतनासाठी सवलत आहे, ती कोणत्या अटींवर लागू होते हेही त्या नियमांत उतरायला हवे.

आपल्या मनातल्या शंका मी काही वकिलांकडून ऐकल्या आहेत. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करू नये, मग संस्थेच्या कामात नाव आले तर? आम्ही आपले नाव केवळ श्रेयनामावलीत, कचेरीचा पत्ता किंवा फोन न देता छापू, आणि नको असल्यास तेही छापणार नाही. त्याच नियमावलीत नियम ४६ आहे, गरजूंना विनामूल्य कायदेशीर साहाय्य देणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे असे सांगणारा. वाचता न येणाऱ्या आजीला तिच्या शब्दांवर तिचा काय हक्क आहे हे समजावून सांगणे त्यात बसते, असा माझा समज आहे. दुसरी शंका अधिक खरी आहे. आम्ही स्कॅन केलेले कागद उद्या जमिनीच्या वादात वापरले जातील का? लोक आमच्याकडे नोंदी मागायला येतातच. त्यासाठी एक अट आम्ही आधीच सांगतो : ज्या गावात आपण स्वयंसेवक म्हणून गेलात, तिथे पाहिलेल्या कागदांवरून उभा राहणारा दावा आपण स्वीकारू नये. लोक आपल्या ट्रंका उघडतात त्या विश्वासावर, आणि तो एकदा गेला की पुढच्या गावात ढेलजेच्या आत कुणी बसू देत नाही.

वेळ किती लागेल? सुटीतले चार दिवस आणि नंतर महिन्यातून एखादा शनिवार. त्याहून अधिक देऊ शकणारा एखादा तरुण वकील मिळाला तर फारच बरे, पण मी अवास्तव आशा धरत नाही. नव्या वकिलाचे पोट रोजच्या तारखांवर चालते, हे मला माझ्या विद्यार्थ्यांवरून माहीत आहे. प्रवासखर्च आणि जेवण आम्ही देऊ, मानधन देण्याची आमची ऐपत नाही. विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी आपल्या देखरेखीखाली संमतीपत्रांची छाननी करू शकतील. उर्दू किंवा मोडी वाचू शकणारे ज्येष्ठ वकील असतील तर त्यांनी कुठेही यायला नको, आम्हीच कागद घेऊन त्यांच्या दारी जाऊ. आणि जाऊ तेव्हा त्यांची स्वतःचीही मुलाखत घेऊ द्यावी, ही जादा विनंती. २७ ऑगस्ट १९८१ला औरंगाबादला खंडपीठाचे कामकाज सुरू होण्यासाठी मराठवाड्यातल्या वकिलांनी किती वर्षे लढा दिला, त्याआधी एका तारखेसाठी पक्षकाराला मुंबईची वारी कशी करावी लागे, हे सांगणारेही आता थोडेच उरले आहेत.

ताईंनी नवे संमतीपत्र तयार केले आहे. एकच पान, मराठीत, मोठ्या टायपात. मुलाखत किती वर्षे ठेवायची, कुणाला दाखवायची, कोणता भाग बंद ठेवायचा, संमती कधीही मागे कशी घ्यायची आणि आपण गेल्यावर घरातल्या कुणाला विचारायचे, असे पाच प्रश्न त्यात आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर सांगणाऱ्याने स्वतः निवडायचे आहे. ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि वाचून दाखवल्याचीही चित्रफीत करायची, असे ठरले आहे. धाराशिवच्या आजींच्या नातवाशी बोलणे झाले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो गावी येणार आहे आणि त्याच्या समोर आम्ही यावे, असे त्याने सुचवले आहे. आजींना हल्ली कमी ऐकू येते, पण सकाळी आठ-नऊपर्यंत त्या छान बोलतात, असे तो म्हणाला.

त्या आठवड्यात ताईंच्या घरी लग्न आहे. अंबाजोगाईहून पहाटे साडेचारला जीप निघेल, तीत एका वकिलाची जागा रिकामी ठेवली आहे.

आपली नम्र,
मौखिक इतिहासाचे काम करणारी एक निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड